बेंबीवर हात ठेवून आपण ज्याला पोट म्हणतो ते

रात्री दोनच्या सुमारास जाग आली ती पोटात दुखून. बेंबीच्या भोवती कुठेतरी, नेमकी जागा दाखवता येईना, नुसतं मुरडल्यासारखं, वर थोडी मळमळ. गॅस असेल म्हणून कोमट पाणी प्यायलो, घरातल्या घरात चार फेऱ्या मारल्या, कुशी बदलत पडून राहिलो. सकाळी उठलो तर दुखणं बेंबी सोडून उजवीकडे खाली जाऊन बसलेलं, आणि आता मात्र एका बोटाने दाखवता येत होतं, इथे, बरोब्बर इथे. दुपारी सोनोग्राफीच्या टेबलावर. पोटावर तो गारढोण जेल फासलेला आणि डॉक्टरबाई प्रोब घेऊन उजव्या बरगड्यांखाली काहीतरी शोधतायत, खोल श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा, परत घ्या. दुखतंय खाली आणि या बघतायत वर. न राहवून विचारलं तर म्हणाल्या, "सगळंच पोट बघावं लागतं. आत्ता लिव्हर बघतेय, श्वास घेतला की ते खाली सरकतं, बरगड्यांच्या आडून बाहेर येतं."

अपेंडिक्स निघालं, मी घरी आलो, पण दोन गोष्टी डोक्यात अडकून राहिल्या. दुखणं एका रात्रीत जागा कसं काय बदलतं, आणि लिव्हर सरकतं म्हणजे काय, ते काय ड्रॉवरमध्ये ठेवलंय का? मी डॉक्टर नाही, पण पडून असताना वेळच वेळ होता, वाचत गेलो, ओळखीतल्या एका सर्जनना फोन करून पिडलं, आणि लक्षात आलं की ज्या पोटाबद्दल आपण दिवसातून दहा वेळा बोलतो ते आत कसं रचलंय याचा आपल्याला पत्ताच नसतो. तर जे कळलं ते असं.

पहिला घोळ 'पोट' या शब्दातच आहे. जेवण जातं ते पोट, दुखतं ते पोट, सुटतं तेही पोटच. यातलं जेवण जातं ते जठर, म्हणजे एक पिशवी. दुखतं ते उदर, म्हणजे ती पिशवी जिथे ठेवलीय ती अख्खी खोली. आणि सुटतं ती बहुतेक चरबी, काही त्वचेखालची आणि काही आत आतड्यांच्या आजूबाजूची. आपण बेंबीवर हात ठेवून म्हणतो की पोट भरलं, पण बेंबीमागे सहसा जठर नसतंच, तिथे लहान आतड्याची वेटोळी असतात. जठर बरंच वर, डावीकडे, मोठा भाग बरगड्यांच्या आत. फार भरलं तर खाली येतं ते वेगळं.

या खोलीचं छत म्हणजे डायफ्राम, श्वासाचा मुख्य स्नायू. आणि छत सपाट नाहीये, घुमट आहे, श्वास पूर्ण सोडला की तो जवळजवळ छातीच्या बोंडांच्या पातळीपर्यंत वर जातो. म्हणजे बाहेरून ज्याला आपण छाती समजतो तिच्या खालच्या भागात आत पोटच असतं. उजवीकडे घुमटाला चिकटून लिव्हर, साधारण दीड किलोचं, आतल्या अवयवांमध्ये सगळ्यात जड, डावीकडे जठर, आणि त्याच्याही मागे पांथरी, जिचा पचनाशी काही संबंध नाही, ती रक्त गाळायचं काम करते पण राहते याच खोलीत. खोल श्वास घेतला की घुमट सपाट होतो आणि खालच्या सगळ्यांना ढकलतो. सोनोग्राफीत श्वास धरायला लावतात तो यासाठी. लिव्हर सरकतं म्हणजे हेच, आणि ते आपल्या प्रत्येक श्वासाला थोडंथोडं सरकत असतं, आयुष्यभर, आपल्याला कधी कळतही नाही.

इतकं सगळं आत सरकतंय, वळवळतंय, तरी घासत कसं नाही? तर आतून सगळीकडे एक पातळ, ओलसर, चकचकीत अस्तर असतं, पेरिटोनियम. एक पदर खोलीच्या भिंतींना लावलेला आणि तोच पुढे वळून अवयवांवर चढलेला. दोन्हींच्या मध्ये अगदी थोडंसं पाणी, तेल दिल्यासारखं. हे दोन पदर लक्षात ठेवा, भिंतीवरचा आणि अवयवावरचा, कारण माझं दुखणं रात्रीतून का सरकलं याचं उत्तर यांच्यातच आहे.

आता लहान आतडं. इतकी लांब नळी पोटात सुटी टाकली असती तर पहिल्याच उडीत गाठ बसली असती. ती मागच्या भिंतीला एका पडद्याने टांगलेली असते, मेसेन्टरी म्हणतात. भिंतीकडची बाजू जेमतेम १५ सेंटीमीटर, आणि आतड्याकडची बाजू कित्येक मीटर, म्हणजे फ्रॉकच्या झालरीसारखं, वर पट्टी छोटी आणि खाली चुण्याच चुण्या. याच पडद्यातून आतड्याला रक्त जातं आणि परत येतं. हा पडदा म्हणजे तुटक तुटक तुकडे असं पूर्वी पुस्तकांत लिहिलेलं असायचं, मग आयर्लंडमधल्या कॅल्विन कॉफी या सर्जननी २०१६ च्या एका लेखात मांडलं की हा सलग एकच आहे आणि याला स्वतंत्र अवयव म्हणायला हवं. म्हणजे इतकी वर्षं माणसं पोट उघडून बघतायत आणि तरी अशा गोष्टीवर अजून चर्चा होते, मला तर याचं फार नवल वाटलं.

पुढच्या बाजूला आणखी एक पदर असतो, ओमेंटम, जठरापासून खाली एप्रनसारखा लोंबणारा, चरबीने भरलेला. सर्जन लोक याला पोटातला पोलीस म्हणतात, कारण कुठे सूज आली, भोक पडलं, तर हा तिथे जाऊन चिकटतो आणि ती जागा वेढून टाकतो, म्हणजे घाण सगळीकडे पसरू नये. तो काही पायांनी चालत जात नाही, आतड्यांच्या हालचालीने इकडेतिकडे फिरत असतो आणि सूज आलेल्या जागी चिकटून बसतो. माझ्या अपेंडिक्सलाही हा येऊन चिकटला होता असं डॉक्टर नंतर म्हणाले.

आता एक घास घेऊन आत जाऊ. तोंडातलं सगळ्यांना माहीत असतं, चावणं, लाळ, लाळेत स्टार्च तोडणारा एन्झाइम, झालं. गिळल्यावर घास खाली पडतो असं वाटतं पण तो पडत नाही, ढकलला जातो. अन्ननलिका २५ सेंटीमीटरच्या आसपास, तिचे स्नायू घासाच्या मागून आवळत जातात आणि पुढे सैल सोडत जातात, म्हणूनच माणूस डोकं खाली पाय वर करूनसुद्धा गिळू शकतो. करून बघायला सांगत नाहीये, ठसका लागेल.

ही नळी डायफ्राममधल्या एका भोकातून पोटात उतरते आणि जठराच्या तोंडाशी स्नायूंचा एक आवळणारा पट्टा असतो, जो घास आला की उघडतो आणि मग मिटतो. हा ढिला पडला की जठरातलं आम्ल वर येतं आणि छातीत जळजळतं. याला आपण म्हणतो पित्त झालंय. आता इथे मराठीने आपली मस्त फसगत केलीय. डॉक्टर ज्याला पित्त म्हणतात, म्हणजे बाइल, ते लिव्हर तयार करतं, पिवळट हिरवं, कडू, आणि ते आम्ल नसतंच, उलट थोडं अल्कलाइन असतं. छातीत जळतं ते जठरातलं ॲसिड. खरं पित्त कधी बघायला मिळतं, तर रिकाम्या पोटी उलट्या होऊन होऊन शेवटी ते पिवळं कडूजहर पाणी पडतं ना, ते. त्यामुळे डॉक्टरांना "पित्ताचा त्रास आहे" असं सांगण्यापेक्षा जळतंय कुठे, आंबट येतं का कडू, जेवणाआधी का नंतर, हे सांगितलेलं जास्त कामाचं.

जठर रिकामं असताना मूठभर, आतून चुण्या पडलेलं, आणि जेवताना सैल होत होत लिटर दीड लिटरपर्यंत सहज फुगतं. आतलं ॲसिड चांगलंच जहाल, पीएच दीड ते साडेतीन, त्यात मांस विरघळतं. मग जठर स्वतःच का विरघळत नाही, कारण तेही मांसच की? तर आतल्या बाजूला चिकट थर असतो, त्या थरात बायकार्बोनेट असतं, म्हणजे ॲसिड भिंतीपर्यंत पोचता पोचता मवाळ होतं, आणि तरी जो काही मार बसतो त्यासाठी वरच्या पेशी दर काही दिवसांनी नव्या येतात. म्हणजे संरक्षण पक्कं वगैरे काही नाही, रोज झिजतं आणि रोज दुरुस्त होतं. दुरुस्ती मागे पडली की अल्सर.

जठरात काय चालतं हे कळायला एका माणसाच्या पोटाला भोक पडावं लागलं. ६ जून १८२२ ला अमेरिकेत मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुण कामगाराला जवळून चुकून बंदुकीचा बार लागला. विल्यम ब्यूमाँट नावाच्या लष्करी डॉक्टरने त्याला वाचवलं, पण जखम अशी भरली की जठराचं भोक बाहेरच्या त्वचेला जोडलं गेलं, कायमचं. तीन वर्षांनी ब्यूमाँटने प्रयोग सुरू केले. रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधायचे, भोकातून आत सोडायचे, तासाभराने ओढून बघायचं किती विरघळलं. आतला रस बाटलीत काढून त्यात मांस ठेवायचं. तिथेही ते विरघळलं, म्हणजे पचन हे नुसतं दळण नाही तर केमिस्ट्री आहे हे समोर दिसलं. सेंट मार्टिन चिडला की पचन बिघडतं हेही त्याने टिपलं. चिडेल नाहीतर काय करेल बिचारा. १८३३ मध्ये ब्यूमाँटचं पुस्तक आलं आणि नाव झालं, आणि ज्याचं पोट होतं तो आयुष्यभर गरिबीतच राहिला. या गोष्टीत डॉक्टरचं कौतुक सगळे करतात, मला तो दोरा ओढताना खालून बघणारा माणूस जास्त आठवतो.

अल्सरचंही तसंच. टेन्शन, तिखट, ॲसिड, यानेच अल्सर होतो असं कित्येक वर्षं धरून चालले होते, आणि इतक्या ॲसिडमध्ये जंतू जगूच शकत नाही हे तर सगळ्यांना पक्कं माहीत होतं. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी जठरात राहणारा एक जंतू शोधला, हेलिकोबॅक्टर पायलोरी, कोणी फार मनावर घेईना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शलने सरळ तो जंतू असलेलं द्रावण पिऊन टाकलं आणि काही दिवसांत जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आता बऱ्याच अल्सरवर अँटिबायोटिक्स देतात त्यामागे ही भानगड आहे. काही वेदनाशामक गोळ्यांनीही अल्सर होतो, तो त्या चिकट थराची दुरुस्ती कमी पडल्यामुळे.

जठर घुसळून घुसळून अन्नाची पातळ पेज करतं आणि खालच्या दाराने थोडी थोडी पुढे सोडतं, मिलिमीटर दोन मिलिमीटरपेक्षा मोठा कण आला की परत मागे, अजून घुसळ. जड, तेलकट जेवण रेंगाळतं ते यामुळेच, पुढच्या आतड्याला चरबी लागली की ते जठराला सिग्नल पाठवतं, जरा दमाने सोड.

पुढचं आतडं म्हणजे ड्युओडेनम, लहान आतड्याचा पहिला २५ सेंटीमीटरचा तुकडा, इंग्रजी सी अक्षरासारखा वळलेला. नावाचा अर्थ बारा, कारण जुन्या ग्रीक डॉक्टरांनी तो बारा बोटं रुंदीइतका मोजला होता. छोटा आहे पण सगळा बाजार इथे भरतो. लिव्हरकडून पित्त येतं, जेवणांच्या मधल्या वेळात ते पित्ताशयात साठून घट्ट होत असतं, आणि पॅनक्रियाकडून, म्हणजे स्वादुपिंडाकडून, एन्झाइम. दोघांच्या नळ्या बहुतेकांत शेवटी एकत्र होऊन एकाच छोट्याशा भोकातून इथे उघडतात. पित्ताचं काम भांडी घासायच्या साबणासारखं, चरबीचे बारीक बारीक थेंब करायचं, म्हणजे एन्झाइमला ते धरता येतात. पॅनक्रिया जे एन्झाइम बनवतो त्यातले प्रोटीन तोडणारे तो बंद अवस्थेतच पाठवतो, आतड्यात पोचल्यावर दुसरा एक एन्झाइम त्यांना चालू करतो. नाहीतर बनवणारालाच खाल्लं असतं. आणि कधी कधी खातात, पॅनक्रियाटायटिस म्हणतात तो हाच प्रकार, पित्ताशयातला खडा निसटून त्या सामायिक तोंडाशी अडकला तरी होऊ शकतो. पॅनक्रिया पेरिटोनियमच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून असतो, त्यामुळे हे दुखणं वरच्या पोटात सुरू होऊन आरपार पाठीत जातं आणि माणूस पुढे वाकून बसला की थोडं बरं वाटतं. मूत्रपिंडंही अशीच पडद्यामागे राहतात, म्हणून मुतखडा कमरेत दुखतो.

इथून पुढे लहान आतडं. किती लांब? मेलेल्या माणसाचं मोजलं तर ६ मीटरच्या आसपास, जिवंतपणी स्नायू आखडलेले असल्यामुळे बरंच कमी. आत चुण्या, चुण्यांवर मखमलीसारखे केस, आणि त्या केसांच्या पेशींवर अजून बारीक केस. हे सगळं पसरलं तर टेनिस कोर्ट भरेल असं शाळेपासून ऐकत आलो. २०१४ मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी नीट मोजलं तर अख्ख्या पचनमार्गाचं मिळून साधारण ३२ चौरस मीटर भरलं, म्हणजे अर्धं बॅडमिंटन कोर्ट. तेही काही कमी नाही, पण टेनिस कोर्टाचं आता सोडून द्या.

या मखमलीतून साखर आणि प्रोटीनचे तुकडे रक्तात जातात, आणि ते रक्त सरळ हृदयाकडे जात नाही, पोर्टल व्हेन नावाच्या जाड शिरेतून आधी लिव्हरकडे जातं. बाहेरून आलेला माल आधी चेकनाक्यावर, मग गावात. गोळी गिळली तर तीही याच रस्त्याने जाते, आणि काही औषधांचा मोठा भाग लिव्हरमध्येच मोडीत निघतो. हृदयाच्या दुखण्यात नायट्रोग्लिसरीन जिभेखाली ठेवायला सांगतात ते हा नाका चुकवायला. चरबी मात्र याला अपवाद, ती लिम्फच्या, म्हणजे रक्तवाहिन्यांपेक्षा वेगळ्या अशा पातळ द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांमधून छातीतून वर जाते आणि मानेच्या डाव्या बाजूला शिरेत उतरते. तुपा-तेलाचा रस्ताच वेगळा.

पाण्याचा हिशोब तर मला सगळ्यात भारी वाटला. आपण दिवसाला दोनेक लिटर पितो खातो, पण लाळ, जठररस, पित्त, पॅनक्रियाचा रस, आतड्याचा स्वतःचा रस मिळून अजून ७ लिटर आतल्या आत ओतलं जातं. म्हणजे रोज ९ लिटर पाणी त्या नळीत, आणि बाहेर जातं ते जेमतेम १००-२०० मिली. बाकी सगळं परत शोषून घेतलं जातं, बहुतेक लहान आतड्यात आणि उरलेलं मोठ्या आतड्यात. जुलाब लागले की माणूस काही तासांत का गळून जातो ते यावरून कळतं, त्या ९ लिटरमधलं थोडं जरी परत घ्यायचं राहिलं तरी फटका मोठा.

आणि कावळे! भूक लागली की पोटात कावळे ओरडतात ते खरंच आवाज करतात. पोट रिकामं असलं की दर दीड दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत आवळण्याची एक लाट जाते, उरलंसुरलं अन्न, जंतू, सगळं पुढे झाडून नेते. आत हवा आणि पाणी असतं, भरलेल्या पोटात आवाज दबतो, रिकाम्यात घुमतो. म्हणजे कावळे नाहीत ते, झाडूवाले आहेत. काही खाल्लं की ही झाडलोट थांबते.

मोठ्या आतड्याबद्दल थोडक्यात. दीडेक मीटर, पोटाच्या कडेने चौकटीसारखं, उजवीकडून वर, आडवं, डावीकडून खाली. उजव्या खालच्या कोपऱ्यात सुरुवात आणि तिथेच करंगळीएवढं ते अपेंडिक्स लोंबत असतं. अंगातले बहुतेक जंतू इथे राहतात, अंदाजे ३८ लाख कोटी, आपल्या स्वतःच्या पेशींच्या जवळजवळ बरोबरीने, दहापट वगैरे म्हणतात ते जुनं झालं. वजन मात्र सगळ्यांचं मिळून पावशेरभर. आपल्याला न पचलेल्या तंतूंवर ते जगतात, त्यातून गॅस होतो, आणि त्यातला बराचसा बिनवासाचा असतो, बदनामी होते ती थोड्याशा गंधकवाल्या वायूंमुळे. अन्न इथे दीड दिवसही मुक्काम करतं. जेवल्या जेवल्या संडासला जावं लागतं ते म्हणजे आत्ताचं जेवण नाही बरं का, जठर ताणलं गेलं की मोठ्या आतड्याला हलायचा इशारा मिळतो, बाहेर पडतं ते कालचं परवाचं.

आता माझ्या दुखण्याकडे. आतड्याला चिमटा काढा, कापा, चटका द्या, त्याला कळत नाही, फक्त ताण कळतो, ओढ कळते. आणि ती खबर नेणाऱ्या नसा थोड्या आणि मोघम, मेंदूला एवढंच समजतं की मधल्या लाइनवर कुठेतरी काहीतरी बिनसलंय. कुठे, ते ठरतं आपण आईच्या पोटात असताना. सुरुवातीला पचनमार्ग म्हणजे सरळ नळी असते, तिचे तीन भाग. वरच्या भागातून पुढे जठर, लिव्हर, पित्ताशय होतं, त्यांचं दुखणं बरगड्यांच्या मधोमध खाली, ज्याला आपण पोटाची कवडी म्हणतो तिथे. मधल्या भागातून लहान आतडं आणि मोठ्याचा बराचसा भाग होतो, त्याचं दुखणं बेंबीभोवती. शेवटच्या भागाचं ओटीपोटात. मधला भाग इतक्या झपाट्याने वाढतो की सहाव्या आठवड्याच्या आसपास त्याला पोटात जागाच उरत नाही, तो बेंबीतून बाहेर नाळेत जातो, तिथे वाढतो, वळतो, आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास परत आत येतो, एकूण पाऊण फेरी फिरून. त्या फिरण्यात अपेंडिक्स उजव्या खालच्या कोपऱ्यात येऊन पडतं. पण त्याच्या नसा जुन्याच पातळीवर राहतात, मणक्यात जिथे बेंबीच्या त्वचेची खबर येते तिथेच अपेंडिक्सचीही. आपण सगळेच काही आठवडे बेंबीच्या देठात आतडं ठेवून होतो, म्हणजे बेंबीच्या देठापासून ओरडणं ही नुसती म्हण नाही म्हणायची.

तर रात्री दोनला माझं अपेंडिक्स आतून तुंबून फुगत होतं, ताणलं जात होतं, मेंदूने वाचलं बेंबी. सकाळपर्यंत सूज आतून बाहेर आली आणि भिंतीवरच्या त्या दुसऱ्या पदराला टेकली. त्या पदराच्या नसा त्वचेसारख्या, एकदम नेमक्या, चटका बसला की जागा सांगणाऱ्या. म्हणून एक बोट. अमेरिकन सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये ही जागा लिहून ठेवली, बेंबी आणि उजव्या कमरेचं पुढचं हाड यांना जोडणारी रेघ धरा, हाडाकडून तिसऱ्या हिश्श्यावर. डॉक्टरांनी तपासताना बोटांनी तिथे हळूहळू दाबलं, ते सोसलं, आणि मग हात पटकन उचलला तेव्हा मी टेबलावरून उठलोच. दाबलेला पदर झटक्यात परत येतो तेव्हा जास्त दुखतं. हॉस्पिटलला जाताना प्रत्येक स्पीड ब्रेकरला मी का कळवळत होतो त्याचंही कारण तेच, खोकल्यावरही तेच.

सगळ्यांचं असं पुस्तकी होत नाही हेही सांगतो. अपेंडिक्स कधी मोठ्या आतड्याच्या मागे दडलेलं असतं, मग पुढून दाबून काही कळत नाही. गरोदर बाईचं वर ढकललं जाऊ शकतं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं नीट सांगत नाहीत. आणि फुटलं की थोडा वेळ बरं वाटतं, ताण गेला ना, तेव्हा तर अजिबात फसू नका. पोट फळीसारखं कडक झालंय, हलवत नाही, ताप चढतोय, दुखणं तासातासाला वाढतंय, तर घरगुती उपाय बंद आणि डॉक्टर. पोटाच्या वरच्या भागात दाटून आलंय, घाम फुटलाय, धाप लागतेय, याला गॅस म्हणून झोपून राहू नका, हृदयाची खालची बाजू डायफ्रामवरच टेकलेली असते आणि हार्ट अटॅकसुद्धा पोटदुखी बनून येतो.

माझं ऑपरेशन दुर्बिणीचं झालं. त्यात पोट आधी कार्बन डायऑक्साइड भरून फुगवतात, घुमटाखाली जागा व्हावी म्हणून, मग तीन छोट्या भोकांतून काम. दुसऱ्या दिवशी टाके फारसे जाणवत नव्हते, पण उजवा खांदा असा ठणकत होता की मला वाटलं टेबलावर शिफ्ट करताना कोणीतरी हात पिरगाळला. सिस्टरना म्हटलं खांदा बघा जरा. त्यांनी खांद्याला हातसुद्धा लावला नाही. म्हणाल्या, पोटात उरलेला गॅस डायफ्रामला टोचतोय, डायफ्रामची नस मानेतून येते, खांद्याचीही तिथूनच, म्हणून वाटतं खांदा दुखतोय. उठा, जरा चाला, दोन दिवसांत जाईल.